फोटो कोणी काढला? दुरून होणाऱ्या त्वचाउपचारात रुग्णाची जागा



पीएचडीची तयारी करणारे ज्युनिअर मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, विषय सापडतो, पण प्रश्न कसा सापडतो?" पेट, नेट, सिनॉप्सिस या सगळ्याच्या आधीचा हा प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण मला माझा प्रश्न कसा सापडला ते सांगू शकते. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

मी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी केलं आणि आता वैद्यकाच्या इतिहासावर काम करते. दोन वर्षांपूर्वी गावाकडे आईच्या कमरेवर चट्टे उठले. खाज इतकी की रात्री झोप नाही. तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञ नाही, म्हणून मी ऑनलाइन सल्ला घ्यायचं ठरवलं. फोटो मी काढला. ट्यूबलाइटखाली काढला, आणि बरा दिसावा म्हणून थोडा उजळही केला. फॉर्म मी भरला. "किती दिवसांपासून?" या रकान्यात अंदाजाने "१५ दिवस" टाकलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला, इसबासारखं वाटतंय म्हणाले, मलम लिहून दिलं. आठ दिवस बरं वाटलं आणि मग चट्टे दुपटीने पसरले.

शेवटी आईला घेऊन शहरात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईलाच विचारलं, "याआधी काय लावत होता?" आईने पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढली. मेडिकलवाल्याने दिलेली, तीन महिन्यांपासून लावत असलेली. त्यात स्टेरॉइड होतं. मूळ दुखणं होतं साधा नायटा.

घरी येताना एसटीत मी आईला म्हटलं, "अगं, हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"

माझ्या संशोधनाचा प्रश्न त्या एसटीत सापडला. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात अंतर असेल, तर रुग्णाने नेमकं काय करायचं असतं? हे कोण ठरवतं? आणि आजवर ते कसं ठरत आलं? आज त्याची गोष्ट सांगते. शेवटी तुमच्या उपयोगाचे तीन मुद्दे देईन.

पत्रातला रुग्ण

आपल्याला वाटतं, दुरून उपचार म्हणजे इंटरनेट आल्यानंतरची गोष्ट. तसं नाही. अठराव्या शतकातल्या युरोपात पत्राने सल्ला घेणं अगदी रुळलेलं होतं. एडिनबरोचे विल्यम कलन (१७१०–१७९०) हे त्या काळचे नावाजलेले वैद्य आणि प्राध्यापक. त्यांना रुग्ण, रुग्णांचे नातेवाईक आणि गावोगावचे डॉक्टर पत्रं लिहीत, आणि ते पत्रानेच उत्तर देत. १७८१ पासून तर जेम्स वॉटने शोधलेलं नक्कल काढण्याचं यंत्र वापरून ते आपल्या उत्तरांच्या प्रती ठेवू लागले. म्हणून हजारो पत्रं आज एडिनबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये शिल्लक आहेत आणि ती डिजिटल स्वरूपातही वाचता येतात.

या पत्रव्यवहारात डॉक्टर बहुतेक वेळा रुग्णाला पाहतच नाही. मग निदान कशावर? रुग्ण जे सांगेल त्यावर. खाज कधी सुटते, काय खाल्ल्यावर वाढते, झोप कशी आहे, पूर्वी काय झालं होतं. म्हणजे रुग्णाचं कथन हाच मुख्य पुरावा.

पण कथन नीट हवं, ही अडचण तेव्हाही होती. लोझान शहरातल्या सॅम्युएल ऑगस्त तिसो या डॉक्टरने १७६१ मध्ये सर्वसामान्यांच्या आरोग्यावर एक पुस्तक लिहिलं, आणि ते अनेक भाषांत गेलं. त्यात त्याने प्रश्नांची एक यादीच दिली. डॉक्टरांना लांबून विचारायचं असेल तर या प्रश्नांची उत्तरं हवीतच, असं त्याचं म्हणणं. वय काय? एरवी तब्येत कशी असते? राहणी कशी आहे? किती दिवसांपासून आजारी आहे? आजार सुरू कसा झाला? आणि आतापर्यंत कोणती औषधं घेतली, त्यांचा परिणाम काय झाला?

हा शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. १७६१ च्या यादीत जो प्रश्न होता, तो मी भरलेल्या फॉर्मवर नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिसोचं पुस्तक शेतकऱ्यांच्या आरोग्यासाठी होतं, पण ते शेतकऱ्यांनी वाचावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. गावातला पाद्री, शाळामास्तर, जमीनदार अशा लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांनी ते वाचावं आणि गरीब रुग्णांच्या वतीने उत्तरं गोळा करावीत, अशी कल्पना होती. म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये एक तिसरा, शिकलेला माणूस उभा होता. आमच्या घरात तो तिसरा माणूस मी होते.

रुग्ण गप्प होतो, त्वचा बोलू लागते

इथून पुढे चित्र बदलतं. समाजशास्त्रज्ञ निकोलस ज्यूसन यांनी १९७६ मध्ये लिहिलेला एक निबंध तुमच्या वाचनयादीत असायलाच हवा. त्यांचा मुद्दा असा: १७७० ते १८७० या शंभर वर्षांत पाश्चात्य वैद्यकातून आजारी माणूस हळूहळू दिसेनासा झाला. आधी वैद्य श्रीमंत रुग्णाच्या मर्जीवर जगत होता, म्हणून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागे. मग पॅरिसची मोठी रुग्णालयं आली. तिथले रुग्ण गरीब होते आणि डॉक्टरची पत त्यांच्यावर अवलंबून नव्हती. पुढे प्रयोगशाळा आली आणि माणसाऐवजी पेशी महत्त्वाची ठरली.

त्वचारोगशास्त्राचा जन्म नेमका याच काळातला. पॅरिसचं सेंट-लुई रुग्णालय १८०१ पासून त्वचारोगांसाठी राखलं गेलं. तिथे जाँ-लुई आलिबेर शिकवत. त्यांची व्याख्यानं रुग्णालयाच्या बागेत झाडांखाली होत आणि रुग्ण विद्यार्थ्यांसमोर आणले जात. पुढे याच रुग्णालयात ज्यूल बारेता यांनी रुग्णांच्या अंगावरून साचे घेऊन रंगीत मेणाचे हुबेहूब नमुने बनवले. तिथल्या संग्रहालयात असे साडेचार हजारांहून जास्त नमुने आहेत. लंडनमध्ये बाल्मानो स्क्वायर यांनी १८६५ मध्ये त्वचारोगांच्या छायाचित्रांचा संग्रह काढला. फोटो काळे-पांढरे होते, म्हणून त्यांवर हाताने रंग भरले होते.

हे सगळं मोलाचं काम होतं, यात शंका नाही. त्वचा हा डोळ्यांना दिसणारा अवयव, त्यामुळे चित्राने जेवढं साधतं तेवढं इतर शाखांत साधत नाही. पण त्याचबरोबर एक समजूत मुरली: चट्टा पुरेसा नीट पाहिला की झालं, रुग्णाला विचारायची गरज कमी. मेणाच्या नमुन्याला खाज सुटत नाही, आणि त्याने आधी काय लावलं होतं तेही तो सांगत नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे नाव विज्ञानाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. त्यातली मूळ चित्रं काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ मध्ये, म्हणजे पुस्तक निघालं त्याच वर्षी, मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. इथे त्यांनी कुष्ठरोगाचा आणि मायसेटोमा या पायाच्या बुरशीजन्य रोगाचा अभ्यास केला. दोन्हींवरची त्यांची पुस्तकं १८७४ ची आहेत. आता विचार करा. कार्टर यांच्यासारखा चित्रकार दुसरा शोधूनही सापडायचा नाही. पण कुष्ठरोगाची मोठी खूण आहे बधिरपणा, आणि ती कागदावर कशी काढणार? चट्ट्यावर स्पर्श कळतो की नाही, हे त्या माणसालाच विचारावं लागतं. चित्राची हद्द जिथे संपते तिथे रुग्णाचं बोलणं सुरू होतं.

वेल्लोरची रात्रपाळी

बधिरपणाचा विषय निघालाय तर वेल्लोरला जाऊ. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ नंतर तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. कुष्ठरोगात बोटं "झडतात" अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती, आणि आपल्याकडे अजूनही आहे. ब्रँड यांनी दाखवलं की बोटं आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू निकामी झाल्यामुळे दुखणं कळत नाही. मग गरम भांडं, खिळा, चपलेतला खडा यांनी जखमा होतात, त्या चिघळतात, आणि त्यातून बोटं जातात.

तरी एक कोडं उरलं. काही रुग्णांना सकाळी उठल्यावर नव्या जखमा दिसत, ज्या रात्री झोपताना नव्हत्या. रात्री जागून पाळत ठेवल्यावर उलगडा झाला. उंदीर झोपलेल्या माणसांची बोटं कुरतडत होते आणि त्यांना पत्ताच लागत नव्हता. उपाय म्हणून मांजरं पाळली गेली.

ही गोष्ट चटकदार म्हणून सांगत नाही. या कामातून जी पद्धत पक्की झाली ती महत्त्वाची आहे: रुग्णाने रोज स्वतःचे हात-पाय डोळ्यांनी तपासायचे, लालसर जागा शोधायची, भिजवायचं, तेल लावायचं, जखमेला विसावा द्यायचा. डॉक्टर रोज खेड्यात येऊ शकत नाही आणि मज्जातंतू सांगत नाहीत, म्हणून पाहण्याचं काम रुग्णाकडे आलं. त्वचेच्या बाबतीत रुग्णाला स्वतःच्या शरीराचा निरीक्षक करण्याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नसेल. कुष्ठरोगाच्या कामात "स्वतःची काळजी स्वतः" हा धडा आजही शिकवला जातो.

टीव्हीवरचा चट्टा

आता विसाव्या शतकातलं तंत्रज्ञान. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, लोगन विमानतळावरचं दवाखान्याचं केंद्र आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल ही दोन ठिकाणं दुहेरी टीव्ही यंत्रणेने जोडली गेली. डॉ. केनेथ बर्ड यांचा हा उपक्रम. विमानतळाच्या टोकाला परिचारिका, रुग्णालयाच्या टोकाला डॉक्टर. याच यंत्रणेवर त्वचारोगांचं निदान टीव्हीवरून किती अचूक होतं याचा अभ्यास झाला आणि १९७२ मध्ये मर्फी, फिट्झपॅट्रिक, बर्ड आदींनी तो प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये पेरेडनिया आणि ब्राउन यांच्या लेखातून 'टेलिडर्मटॉलॉजी' हा शब्द रूढ झाला.

या काळातले लेख वाचताना मी एक साधी युक्ती केली. प्रत्येक लेखात रुग्ण कोणत्या क्रियापदांचा कर्ता आहे ते शोधलं. फारच थोड्या ठिकाणी सापडला. फोटो काढतो कोण? परिचारिका किंवा गावचा डॉक्टर. पाठवतो कोण? तोच. पाहतो कोण? तज्ज्ञ. विचारलेला प्रश्नही ठरलेला: पडद्यावरचं निदान आणि समोरासमोरचं निदान जुळतं का? प्रश्न योग्यच होता. तो सुटल्याशिवाय पुढे जाता आलं नसतं. पण त्यात रुग्ण म्हणजे ज्याच्यावर चट्टा आहे ती जागा, एवढंच.

गंमत म्हणजे, त्या १९७२ च्या लेखातले थॉमस फिट्झपॅट्रिक हेच १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार ठरवण्याची पद्धत घेऊन आले, आणि ती आधारलेली होती रुग्णाच्या उत्तरावर: उन्हात गेल्यावर तुमची त्वचा भाजते की काळवंडते? नुसत्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा माणसाला विचारणं बरं, असं त्यांना वाटलं. मात्र सुरुवातीचे चारही प्रकार गोऱ्या लोकांसाठी होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडले गेले. म्हणजे प्रश्न विचारला गेला, पण आधी कोणाला, हेही पाहायचं.

रुग्ण पुन्हा दिसू लागतो

१९८० नंतर तीन वेगवेगळ्या वाटांनी रुग्ण परत आला असं मला दिसतं.

पहिली वाट कर्करोगाची. मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा घातक कर्करोग. न्यूयॉर्कच्या फ्रीडमन, रिगेल आणि कॉफ यांनी १९८५ मध्ये 'एबीसीडी' ही सोपी खूण दिली: तिळाचे दोन अर्ध सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग एकसारखा नसणं आणि आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असणं. ती डॉक्टरांसाठी होती तशीच घरी आरशासमोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठीही. २००४ मध्ये त्यात पाचवं अक्षर 'ई' आलं, म्हणजे बदलत जाणं. एक तीळ गेल्या सहा महिन्यांत बदलला का, हे एकदाच पाहणारा डॉक्टर सांगू शकत नाही, रोज पाहणारा माणूसच सांगू शकतो. इथेही एक सावधगिरी आहे. सावळ्या त्वचेत मेलॅनोमा कमी आढळतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात, नखांखाली. पाठीवरचे तीळ बघायला सांगणारं परदेशी पत्रक आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही.

दुसरी वाट मोजमापाची. सोरायसिस किती आहे हे मोजायला १९७८ मध्ये 'पासी' ही पद्धत आली. लाली, जाडी, पापुद्रे आणि किती अंगावर पसरलंय, हे सगळं डॉक्टरने पाहून आकडा काढायचा. पण कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १२० रुग्णांना विचारलं की या त्वचेमुळे तुमच्या जगण्यावर काय परिणाम होतो? त्या उत्तरांतून १९९४ मध्ये 'डीएलक्यूआय' ही १० प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. त्यात गेल्या आठवड्यातली खाज, लाज, कपड्यांची निवड, काम, जवळचे संबंध यांबद्दल विचारतात. २००४ मध्ये नॉटिंगहॅमहून इसबासाठी 'पोएम' आली. ७ प्रश्न, ० ते २८ गुण, भरणारा रुग्ण. यातलं बरंचसं असं आहे की ते कितीही मेगापिक्सेलच्या फोटोत येणार नाही. गेल्या आठवड्यात किती रात्री झोप मोडली, हे कोणता कॅमेरा सांगेल?

तिसरी वाट मोबाइल आणि इंटरनेटची. कॅमेरा रुग्णाच्याच हातात आला. डॉ. एप्रिल आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन चाचण्या केल्या. इसबाच्या १५६ रुग्णांवरची २०१५ मध्ये आणि सोरायसिसच्या २९६ रुग्णांवरची २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत काही रुग्ण नेहमीसारखे दवाखान्यात गेले, तर काहींनी स्वतः फोटो आणि माहिती पाठवून तज्ज्ञांचा सल्ला घेतला. वर्षभरानंतर दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. इसबाच्या चाचणीत ऑनलाइन गटाला फोटो कसे काढायचे ते आधी शिकवलं होतं. हे वाक्य पद्धतीच्या भागात असतं, निष्कर्षात नाही, म्हणून वाचताना निसटतं. माझ्या मते सगळं त्यातच आहे. रुग्णाला शिकवलं, वेळ दिला, थेट प्रश्न विचारायची वाट दिली. नुसतं ॲप दिलं असतं तर हाच निकाल आला असता, असं ही चाचणी सांगत नाही.

आपल्याकडे: ट्यूबची गोष्ट

आता परत आईच्या पिशवीकडे. स्टेरॉइडने नायट्याची खाज आणि लाली दबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. शिवाय चट्ट्याचं रूपच पालटतं. नायट्याची ओळख असलेली गोल कड पुसट होते आणि डॉक्टरही फसतो. १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी अशा रुग्णांवर लिहिलं आणि त्याला "टिनिया इनकॉग्निटो" म्हणजे वेषांतर केलेला नायटा असं नाव दिलं. वर्ष पाहिलंत? बॉस्टनमध्ये टीव्हीवरून चट्टे दाखवायची सोय झाली, त्याच वर्षी दुसरीकडे कोणीतरी सांगत होतं की चट्टा खोटं बोलू शकतो.

आपल्या देशात हा प्रश्न फार मोठा झाला. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सहज मिळत राहिली. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी औषधाला दाद न देणाऱ्या नायट्याच्या बुरशीला "ट्रायकोफायटन इंडोटिनी" असं नाव दिलं. नावातच आपला देश आहे.

त्याच वर्षी, २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या सुरुवातीलाच भारताची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. एप्रिलमध्ये ई-संजीवनीवरून घरबसल्या ओपीडी सुरू झाली. त्या तत्त्वांत एक तरतूद आहे: सल्ल्यासाठी रुग्णाने स्वतः संपर्क केला, तर त्याची संमती आहे असं धरायचं. रुग्णाच्या वतीने काळजी घेणारा माणूस बोलू शकतो, हेही काही अटींसह मान्य केलं आहे. कायद्याच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. पण वाचताना मला सारखं वाटतं की संमती आणि सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बाबतीत संमती होती. आई "हो, पाठव फोटो" म्हणालीच होती. सहभाग मात्र शून्य होता.

तुमच्यासाठी तीन मुद्दे

एक. कोरे रकाने वाचायला शिका. आपण कागदपत्रांत काय लिहिलंय ते वाचतो. पण फॉर्ममध्ये काय विचारलंच नाही, हा तितकाच मोठा पुरावा असतो. तिसोची यादी, टीव्हीच्या काळातली नोंद आणि आजचा ऑनलाइन फॉर्म शेजारी ठेवा. कोणता प्रश्न कधी आला आणि कधी गळला, यातून त्या त्या काळाला रुग्णाकडून काय हवं होतं ते कळतं.

दोन. शब्दांचं वय काढा. रुग्णाने डॉक्टरचं ऐकणं याला इंग्रजी वैद्यकात 'कम्प्लायन्स' म्हणत. सॅकेट आणि हेन्स यांचं त्यावरचं पुस्तक १९७६ चं, म्हणजे ज्यूसन यांच्या निबंधाच्याच वर्षीचं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये 'कॉन्कॉर्डन्स' हा शब्द पुढे आला. म्हणजे दोघांचं एकमत. आज 'सक्रिय रुग्ण' म्हणतात. शब्द बदलला म्हणजे वागणं बदललंच असं धरून चालू नका. कधी कधी 'सक्रिय' याचा अर्थ एवढाच असतो की पूर्वी परिचारिका करायची ते काम आता रुग्णाने फुकट करायचं, आणि फोटो धूसर आला तर दोषही त्याचाच. काम सोपवलं की अधिकार सोपवला, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासा.

तीन. रुग्णाचा आवाज शोधताना मधल्या माणसाला विसरू नका. इतिहासकार रॉय पोर्टर यांनी १९८५ मध्ये रुग्णाच्या बाजूने वैद्यकाचा इतिहास लिहा असं आवाहन केलं. ते वाचून आपण उत्साहाने पत्रं, नोंदी शोधायला लागतो. पण कलन यांना पत्र लिहिणारे बहुतेक सुस्थितीतले होते आणि गरिबांचं म्हणणं पाद्री किंवा मास्तर लिहीत होते. आज ते काम मुलगा, सून, आशाताई करतात. त्यांच्या हातून काय गळतं, हा एक स्वतंत्र विषय आहे. कोणाला हवा असेल तर जरूर घ्या.

आणि व्यवहारातलंही थोडं सांगते, कारण घरी कधीतरी लागेलच. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढा. एक लांबून, जागा कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. उजळपणा, फिल्टर काही नको, कारण सावळ्या त्वचेवर लाली आधीच कमी दिसते, तीही जाते. आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब, पुडी, तेल, घरगुती लेप समोर मांडून त्यांचाही फोटो काढा. आणि ज्याला दुखतंय त्याला बोलू द्या. फोन त्याच्या हातात द्या.

आईचा नायटा बरा व्हायला साडेतीन महिने लागले. डॉक्टरीणबाई पुढच्या तपासण्या व्हिडिओवर करायला तयार झाल्या, पण एका अटीवर: रोजची नोंद आईने ठेवायची. आई सातवी शिकलेली. तिने वहीबिही घेतली नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनात लिहू लागली. खाज कमी असेल तर एक टिंब, जास्त असेल तर तीन, गोळी घेतली की फुली. पहिल्या महिन्याचं पान व्हिडिओवर धरून ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हे बघा, ज्या दिवशी भांगलायला जाते त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन टिंबं येतातच." घाम आणि ओली साडी. हे ना माझ्या फोटोत होतं, ना माझ्या फॉर्ममध्ये.

ते पान मी मागून घेतलंय. प्रबंधात वापरता येणार नाही, गाइडनीही तसं सांगितलं. पण माझ्या टेबलासमोर लावलंय. भेटू पुढच्या पोस्टमध्ये.